वाजवून पाहिले

“वाजवा की व्हर्लिन, नव्या नवरीसारखे लाजताय काय?” टॉड ल्यूकन्स म्हणाला आणि जमलेली माणसं हसली.

टॉड हा प्रूइट सॅक्सोफोन कंपनीचा नवा मॅनेजर. कंपनीला त्या दिवशी नव्वद वर्षं झाली होती. अमेरिकेतल्या एल्कहार्ट गावच्या कारखान्यात, जिथे पूर्वी पितळ ठोकणाऱ्यांची रांग बसायची, तिथे टेबलं मांडून हॅम, बटाट्याचं सॅलड आणि ॲपल-पाय ठेवले होते. ठोकणारे दोन वर्षांपूर्वीच घरी बसले. आता वाद्यं समुद्रापलीकडून तयार होऊन येतात आणि इथली अकरा माणसं ती नुसती खोक्यांत भरतात. टॉडने कंपनीचा इतिहास वाचून दाखवला, त्यात एवढं एक वाक्य काही आलं नाही. कुठे थांबायचं ते त्याला बरोबर कळत होतं.

मग त्याने व्हर्लिन होस्टेटलरला पुढे बोलावलं आणि ‘कंपनीची प्रेमाची भेट’ म्हणून कोरा करकरीत सॅक्सोफोन त्याच्या गळ्यात अडकवला.

दोन वर्षांपूर्वी ठोकणाऱ्यांबरोबर घरी बसेपर्यंत छत्तीस वर्षं व्हर्लिनने एकच काम केलं. कारखान्यातून निघणारं प्रत्येक वाद्य आधी त्याच्या ओठांना लागायचं. त्याची परीक्षा साधी होती: सगळ्यात खालचा सूर, अगदी हळू. भोकांवरच्या चामड्याच्या गाद्या नीट बसल्या नसल्या की हवा गळते, आणि मग तो सूर हळू निघतच नाही. “जोरात फुंकलं तर बागेला पाणी घालायची नळीसुद्धा वाजते,” असं तो म्हणायचा. नापास वाद्याला लाल चिठ्ठी. पास झालं की कर्ण्यात एक कार्ड जायचं, ‘वाजवून पाहिले’, आणि खाली त्याची सही. एकदा नाताळच्या घाईत जुन्या मालकाच्या मुलाने शंभर वाद्यं न वाजवताच सोडायला सांगितली. व्हर्लिन टोपी घालून चालू लागला. मालकाचा मुलगा गाड्या लावायच्या जागेपर्यंत त्याच्यामागे धावत गेला होता. उभ्या जन्मात व्हर्लिनने स्वतःसाठी एक सॅक्सोफोन घेतला नाही. त्याचं असं काही म्हणाल तर ती सही तेवढी होती.

आता त्याने भेटीचा सॅक्सोफोन तोंडाला लावला, डोळे मिटले आणि सवयीने तळाचा सूर हळूच काढायला गेला. नुसती हवा निघाली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

“काय रे, दम संपला काय?” पुढच्या खुर्चीवरून डेल्मार ओरडला. डेल्मार मुलामा चढवणाऱ्या खात्यातला, व्हर्लिनच्याच वयाचा. “आर्डिसवहिनीला विचारायला पाहिजे.”

पुन्हा हशा झाला. कर्ण्यात काही अडकलंय का म्हणून व्हर्लिनने हात घातला, तर कार्ड हाताला लागलं. ‘वाजवून पाहिले.’ खाली त्याची सही, शेवटच्या अक्षराच्या लांब शेपटीसकट. दोन वर्षांत त्याने कशावरही सही केली नव्हती.

“ही कुणी केली?” त्याने हळूच विचारलं.

“छापून घेतली,” टॉड हसत कानाशी म्हणाला. “दुकानदार अजून तुमचं नाव विचारतात हो. मान समजा की.”

“हा गळतोय, टॉड.”

“अहो, जरा जोर लावा. वाजेल.”

व्हर्लिन लोकांकडे वळला. एकच वाक्य बोलायचं होतं: हा गळतो आणि ही सही माझी नाही. ते जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात मागे भिंतीशी उभी असलेली कार्लीन दिसली. त्याची मुलगी, खोकी भरणाऱ्या अकरा जणांतली एक. नवरा छपरावरून पडल्यापासून तिचं घर या नोकरीवर चाललं होतं. ॲपल-पायची बशी हातात धरून ती मान हलवत होती, नको, नको. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आश्चर्य अजिबात नव्हतं. खोक्यांत कार्डं कोण टाकतं, ते त्याला तेव्हा कळलं. दोन वर्षं दर रविवारी ती त्याच्याच टेबलावर जेवत होती आणि मूग गिळून बसत होती. त्याला तिचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण आता तोही तेच करणार होता.

त्याने छाती भरून जोरात फुंकलं. सॅक्सोफोन वाजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, टॉडने सगळ्यांत जास्त.

पांगापांग झाल्यावर तो कार्लीनच्या टेबलाशी गेला.

“लाल चिठ्ठी दे.”

“त्या आता छापतच नाहीत, पप्पा.” ती खाली बघत म्हणाली. “ठेवून जायचा असला तर ठेवा. ओहायोच्या शाळेला आठ जायचेत, सात आहेत.”

व्हर्लिनने सॅक्सोफोनवरचा हात काढला नाही. शाळेतलं कुणीतरी पोर वर्षभर त्यात फुंकत बसेल, आणि आपल्यालाच येत नाही म्हणून सोडून देईल.

“हा मी घरी नेतो,” तो म्हणाला. “हा एक तरी.”

तो दारापर्यंत पोचला होता.

“पप्पा.” कार्लीन मागून आली होती. तिचे डोळे भरले होते, पण हात पुढे होता. “कार्ड तेवढं द्या. नवी सोमवारी येणारेत, आणि मला आज एक कमी पडतंय.”

व्हर्लिनने खिशातून कार्ड काढून दिलं. त्याचा कोपरा दुमडला होता. तिने तो नखाने सपाट केला आणि पुढच्या खोक्याकडे गेली.