रस्त्यावर आलेलं भांडण

भिंगबाईंच्या दुकानात ऊन यायचं बंद झालं आणि तेव्हापासून त्यांचं मागच्या टॉवरशी हाडवैर जडलं, असं गल्लीतले लोक सांगत. ते अर्धंच खरं होतं. ऊन गेल्याचं दुःख त्यांना होतंच. पस्तीस वर्षं त्या मागच्या खिडकीशी बसून चष्म्याच्या काचा घासत आल्या होत्या, आणि काचेवरचा बारीक ओरखडा उन्हात जसा दिसतो तसा दिव्याखाली दिसत नाही. पण खरं बिनसलं ते पुढे. टॉवर बावीस मजले वर गेला, आणि मग गाड्या ठेवायला त्याच्या बाजूला चार मजले खाली जायचं ठरलं. नवीन खड्ड्याची कड त्यांच्या इमारतीच्या मागच्या भिंतीपासून जेमतेम दहा पावलांवर आली. खड्ड्यात पाणी लागलं. ते उपसायला पंप बसले आणि रात्रंदिवस घरघरू लागले.

शहराच्या मधोमध एवढं उंच काही कधी उभं राहिलं नव्हतं. पत्र्याच्या कुंपणाला कुणीतरी भोकं पाडली होती. सकाळी फिरायला निघालेले म्हातारे तिथे डोळा लावून तासन्‌तास उभे राहत आणि आपणच मुकादम असल्यासारखे कामातल्या चुका काढत. औषधवाला म्हणे, आता गल्लीला भाव येणार. लाँड्रीवाला म्हणे, चादरी वाळेपर्यंत पुन्हा मळतात, भाव काय चाटायचाय? शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली, तेव्हा निम्मे लोक टाळ्या वाजवायला आले होते आणि निम्मे खुर्च्या आपटायला.

त्या सभेतच भिंगबाईंचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं फाटलं. दादाचा छापखाना त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, बहिणीच्या डोक्यावर. टॉवरवाल्यांची सगळी छपाई त्याच्याकडे आली होती, आणि बऱ्याच वर्षांनी त्याचं मशीन दिवसभर चालत होतं. भिंगबाई सभेत उठून भिंतीच्या तड्यांबद्दल विचारू लागल्या, तेव्हा दादा हसत हसत म्हणाला की आमच्या बेबीला नव्याकोऱ्या कपातसुद्धा तडा दिसतो, तिचा धंदाच डोळ्यांचा. हॉल हसला. भिंगबाई खाली बसल्या. त्यानंतर सात महिने बहीणभाऊ एकाच इमारतीत ये-जा करत होते आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते.

त्यात त्यांच्या हातून एक चूक झाली होती. एकदा भिंतीतून पोपडा निखळला आणि घाबरून त्यांनी अग्निशमनवाल्यांना फोन केला. बंब आला, गल्ली गोळा झाली, जवानांनी भिंत ठोकून पाहिली आणि जुना गिलावा आहे म्हणून सांगून ते निघून गेले. झालं. तेव्हापासून भिंगबाई दिसल्या की कुणीतरी हळूच म्हणे, लांडगा आला रे आला.

त्या मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. एका म्हाताऱ्या गवंड्याने त्यांना युक्ती सांगितली होती. मागच्या भिंतीच्या चार तड्यांवर त्यांनी आडव्या चार काचेच्या पट्ट्या बसवल्या. काच स्वतःच्या हाताने कापली, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली आणि प्रत्येकीवर तारीख लिहिली. भिंत हलली तर काच ताणली जात नाही, सरळ तुटते. रोज दुकान उघडलं की त्या आधी पट्ट्या बघत आणि मग दिवा लावत. पाच महिने चारही पट्ट्या शाबूत होत्या, आणि भिंगबाईंना आपल्याच शहाणपणाची शंका येऊ लागली होती.

त्या गुरुवारी दुपारी डबा खाऊन त्या हात धूत होत्या, तेव्हा टक् असा आवाज आला. वाटलं, टेबलावरून भिंग पडलं. टेबलावर सगळं जागच्या जागी होतं. मग भिंतीकडे पाहिलं, तर तिसरी पट्टी मधोमध दुभंगली होती. त्या जवळ जाऊन वाकतात न वाकतात तोच त्यांच्या कानाशी पहिली तुटली. त्यांनी मागच्या खोलीचं दार ओढलं. रोज बोटाने लागणारं दार अर्ध्यावर अडलं, आणि कितीही रेटलं तरी चौकटीत बसेना.

तशाच त्या जिना चढून वर गेल्या.

छापखान्यात मशीन जोरात होतं. दादा आणि त्याचे दोन कामगार टॉवरची माहितीपत्रकं काढत होते. भिंतीला लागून कागदाची रिमं छातीपर्यंत रचली होती, आणि त्या सगळ्या वजनाखाली आपलं दुकान आहे, हे भिंगबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. सात महिन्यांनी त्या भावाशी बोलल्या, ते एवढंच, की भिंत सरकतेय, माणसं खाली घे.

दादाने मान वर केली नाही. बंब निघालाय की यायचाय, असं त्याने विचारलं. कामगार खाली बघून हसले. पाच वाजता माल उचलायला गाडी येणार होती. तो गेला की मी स्वतः टेप घेऊन तुझी भिंत मोजतो, तोवर पाया पडतो, जा, असं तो म्हणाला. भिंगबाईंनी त्याचा दंड धरला, तर त्याने तो झटकला.

खाली येऊन त्यांनी बंबवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या माणसाने पत्ता ऐकला, क्षणभर थांबला आणि बघतो म्हणाला. त्या थांबण्यात सगळं आलं.

त्या बाहेर पडल्या, तर बाजूच्या रस्त्यावर टॉवरची सर्व्हेअर मुलगी तिपाईवर यंत्र लावून उभी होती. दर गुरुवारी ती आजूबाजूच्या इमारतींची मापं घेई. तिच्या जाड चष्म्याची दांडी भिंगबाईंनी दोनदा बसवून दिली होती, तेवढीच ओळख. मुलगी यंत्राला डोळा लावी, वहीत बघे आणि पुन्हा डोळा लावी. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"काकू, मला काही सांगायची परवानगी नाही," भिंगबाईंनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. मग वही मिटून तिने विचारलं, "तुमच्या वर कोण आहे?"

"माझा भाऊ. आणि दोन माणसं."

"त्यांना खाली आणा. आत्ताच्या आत्ता. मी खड्ड्यातली माणसं काढते, मग साहेबांना काय करायचंय ते करू दे."

आणि तिपाई तशीच सोडून ती फाटकाकडे पळाली.

भिंगबाई परत फिरल्या. पुन्हा वर जाऊन विनवणी करण्यात अर्थ नव्हता. दादा लहानपणापासून असाच, जितकं ओढावं तितका रुतणारा. जिन्याखाली मीटरची पेटी होती. त्यांनी मेन स्विच खाली ओढला, वरच्या मजल्याचा फ्यूज उपटून अॅप्रनच्या खिशात घातला आणि बाहेर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. वर मशीन कण्हल्यासारखं करून थांबलं.

दादा तणतणत खाली आला. तमाशा चुकू नये म्हणून दोन्ही कामगार त्याच्या मागून आले. भिंगबाईंनी तिघं मोजले आणि हळूहळू मागे सरकत पलीकडच्या फुटपाथवर, लाँड्रीच्या पायरीपर्यंत गेल्या. दादा फ्यूज मागत पुढे पुढे येत राहिला. लोक जमायला वेळ लागला नाही. औषधवाला काउंटर सोडून आला, कुंपणाच्या भोकांशी असलेले म्हातारे इकडे वळले. बहीणभावाचं भांडण कुणाला नको असतं?

त्यांनी तोंडाला येईल ते बोलायला सुरुवात केली. टॉवरवाल्यांचा चमचा म्हणाल्या, मशीनला तेल घालतोस तसं साहेबांना लावतोस म्हणाल्या. लोक हसले. दादा लाल झाला, पण त्याला कामाची घाई होती. त्याने एका कामगाराला तारेचा तुकडा आणायला पिटाळलं, फ्यूजच्या जागी तार लावू म्हणाला. तो कामगार रस्ता ओलांडून निघालासुद्धा, आणि दादाही पाठ फिरवून त्याच्या मागे चालू लागला. तीन पावलं. चार. भिंगबाईंच्या शिव्या संपल्या होत्या.

नऊ वर्षं गिळलेली एक गोष्ट तेवढी उरली होती.

"दादा, आई शुद्धीवर होती," त्या म्हणाल्या.

दादा थांबला. थांबला म्हणून कामगारही थांबला.

"शेवटचे दोन दिवस. मी तुला सांगितलं होतं की ती बेशुद्ध आहे, तिला काही कळत नाही, तुझं काम आटोपून ये. खोटं सांगितलं होतं. ती चांगली शुद्धीवर होती आणि तुला विचारत होती. अकरा वेळा विचारलं. मी मोजलंय. तू पोस्टर छापत होतास."

कुणी हसलं नाही. लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. दादा वळला आणि सरळ बहिणीकडे चालत आला. तो हात उगारणार असं सगळ्यांना वाटलं, तिलाही वाटलं. कामगार मालकाला आवरायला धावत मागे आला. दादा अगदी जवळ आला, त्याचे ओठ हलले, पण काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही.

आधी काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला, मग पायांखालचा फुटपाथ थरथरला. इमारतीचा पुढचा भाग जागीच उभा होता, खिडकीत लावलेली छापखान्याची पाटीसुद्धा हलली नाही. पण तिच्या मागून, जिन्याच्या दारातून, धुळीचा लोट असा बाहेर आला की समोरचं काही दिसेना. मागचा निम्मा भाग मशीनसकट, रिमांसकट आणि भिंगबाईंच्या टेबलासकट खड्ड्यात गेला होता.

धूळ बसली तेव्हा भिंगबाई माणसं मोजत होत्या. दादा, एक, दोन. पुन्हा दादा, एक, दोन. खड्ड्यातली सतरा माणसं सर्व्हेअर मुलीने दहा मिनिटं आधी बाहेर काढली होती. काम थांबवलं म्हणून टॉवरचा साहेब तिच्यावर ओरडत होता, आणि इमारत कोसळली तेव्हा ओरडता ओरडताच तो गप्प झाला, असं नंतर खड्ड्यातल्या कामगारांनी सांगितलं.

पुढे व्हायचं ते झालं. काम बंद पडलं, चौकशी बसली, मुलीची वही चौकशीवाल्यांनी ताब्यात घेतली. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते आपण आधीपासूनच सांगत होतो म्हणू लागले. औषधवाल्याने स्वतः भिंगबाईंना खुर्ची दिली. तीन महिन्यांनी खड्डा भरून टॉवरचं काम पुन्हा सुरू होईल असंही बोललं जाऊ लागलं, आणि पत्र्याच्या भोकांशी म्हातारे परत उभे राहू लागले. लांडगा आला हे मात्र कुणी म्हणेना.

त्या गुरुवारनंतर दादा नऊ दिवस कुणाशी बोलला नाही. दहाव्या दिवशी दुपारी तो बहिणीच्या घरी आला. भिंगबाई स्वयंपाकघराच्या टेबलावर कुणाच्या तरी चष्म्यात काच बसवत होत्या. तो समोरच्या खुर्चीत बसला आणि बराच वेळ त्यांच्या हाताकडे बघत राहिला.

"ते मला थांबवायला बोललीस ना?" त्याने विचारलं.

हो म्हणायला किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर त्याने ते दोन्ही हातांनी उचलून घेतलं असतं आणि पुन्हा कधी विषय काढला नसता. भिंगबाईंनी चष्मा खाली ठेवला.

"थांबवायलाच बोलले. पण खोटं नव्हतं ते."

दादाने मान हलवली, जणू त्याला ते ठाऊकच होतं.

"काय विचारत होती?"

"तुझ्या बोटांचे टाके काढले का. दर वेळी तेवढंच."

"मी तर तिला सांगितलंच नव्हतं. मशीनमध्ये बोटं आली ते तिला कळू नये म्हणून तर हात खिशात घालून भेटायला जायचो."

"तिला कळलं होतं."

दादाने डोळे मिटले. भिंगबाई उठल्या नाहीत, त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तसं त्यांच्या घरात कधी कुणी केलं नव्हतं. मग तो म्हणाला, "तेव्हाच सांगायला हवं होतंस, बेबी."

"हो," त्या म्हणाल्या. "हवं होतं."

तो गेला नाही. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला, आणि कितव्यांदा तरी विचारलं की आणखी काय म्हणाली होती, आवाज कसा होता, पाणी मागितलं होतं का. भिंगबाई आठवेल तसं सांगत राहिल्या. जे आठवत नव्हतं, ते आठवत नाही म्हणाल्या.