शेऱ्याचा रकाना

अकरा वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. खरं तर मला नव्हे. पाकिटावर 'नोंद विभाग' एवढंच होतं. पण तेव्हा त्या रुग्णालयाचा नोंद विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, छतापर्यंत गेलेल्या मांडण्या, डोक्यावरून जाणारा गळका पाईप आणि मी. पत्र मी तीनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, घरी नेलं आणि उत्तर दिलं नाही. 'दिलं नाही' म्हणताना मी स्वतःला सवलत देतो आहे. मी ते टाळलं.

पत्र एका बाईंचं होतं. अक्षर शाळेत गिरवून घेतल्यासारखं. त्यांनी लिहिलं होतं:

'माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळे अधू झाले, दुकान बंद केलं आणि तेव्हापासून ते घरात पाहुण्यासारखे वागू लागले. एक दिवस निघून गेले. आम्ही पुष्कळ शोधलं. गेल्या महिन्यात पोलिसांनी जुने फोटो दाखवले, त्यात ते होते. फोटोमागे तुमच्या रुग्णालयाचं नाव, तारीख आणि एक नंबर होता. अंत्यविधी महापालिकेने केला असं समजलं. मला दाखला वगैरे नको आहे. एकच विचारायचं आहे. शेवटी बाबांकडे कुणी माणूस म्हणून पाहिलं का, की नुसता नंबरच लागला? असेल ते कळवा. वाईट असलं तरी चालेल.'

उत्तर मला ठाऊक होतं. तीच तर अडचण होती.

रुग्णालयात प्रत्येक कामगार मामा असतो आणि प्रत्येक आया मावशी. आमच्याकडे मामा अकरा होते, पण नुसतं 'मामा' म्हटलं की शवागारातले मामा, हे सगळ्यांना कळायचं. बुटके, रुंद खांद्यांचे. खाकी सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली, दाढी रोज सकाळी केलेली. एकदा एका डॉक्टरांनी चेष्टा केली, "मामा, तुमच्या गिऱ्हाइकांना तुमची दाढी वाढलेली चालेल हो."

"त्यांना चालेल," मामा म्हणाले. "मला चालत नाही."

माणसाला हात लावण्याआधी मामा त्याला सांगायचे. मेलेल्या माणसाला. "काका, हात उचलतो हं." "ताई, जरा कूस बदलू या." "आजोबा, पाणी गार आहे, आमचा नाइलाज आहे." नवीन आलेले डॉक्टर हसायचे. एकाने विचारलंच, "मामा, ऐकू जातं का त्यांना?"

"तान्ह्या बाळाशी तुम्ही बोलता ना, डॉक्टर? त्याला तरी कुठं कळतं?"

 पुढे ते डॉक्टरही दार उघडताना आवाज हळू करायला लागले, हे मी स्वतः पाहिलं आहे.

ज्यांचं नाव-गाव कळायचं नाही, अशांची नोंद माझ्याकडे असे. नंबर, तारीख, अंदाजे वय, उंची, ओळखखूण आणि शेवटी शेरा. शेऱ्यात आम्ही एकच शब्द लिहायचो, 'बेवारस'. मामांना तो खटकायचा. मला ते मास्तर म्हणायचे. मी कधी कुणाला शिकवलेलं नाही, पण जेवताना पुस्तक वाचतो एवढ्यावर त्यांनी ती पदवी दिली होती.

"मास्तर, बेवारस म्हणजे काय हो? वारस अजून आलेला नाही, एवढंच ना? मग तसं लिहा."

"रकान्यात मावत नाही, मामा."

"मग शिंपी लिहा. तेवढं मावेल."

"कोण शिंपी?"

"आत्ता आणलाय तो. त्याचं बोट बघा, सुईनं चाळण झालीय. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले आणि तुम्ही त्याला बेवारस म्हणता."

नियमात बसत नाही, असं मी सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी कुणी खोलीत नाहीसं पाहून त्या ओळीत पेन्सिलीने 'शिंपी' लिहिलं. शाईने लिहिलं तर नोंद होते. पेन्सिलीने लिहिलं तर धड नोंदही नाही आणि धड नोंद नाही असंही नाही. माझ्या स्वभावाला शोभणारी सोय होती ती.

मग तो आमचा रिवाजच झाला. दुपारच्या सुट्टीत मामा नव्या नोंदीची चिठ्ठी घेऊन यायचे, माझ्या समोरच्या स्टुलावर बसायचे आणि सांगायचे. धोबीण. गवंडी. आचारी, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. वाद्य वाजवणारा, कोणतं ते कळत नाही. माणसाचा चेहरा खोटं बोलतो, पण हाताला ते जमत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. चुकायचेही. एकाला त्यांनी न्हावी ठरवलं. आठवड्याने त्याचा भाऊ शोधत आला, तर तो माळी निघाला. मामांना आनंदच झाला. "कात्री बरोबर होती की नाही? झाडाऐवजी मी डोकं धरलं, एवढंच."

घड्याळजी आला तेव्हा आमचं चांगलंच वाजलं. उजव्या डोळ्याभोवती भिंग धरून धरून पडलेली गोल सुरकुती आहे, असं मामांनी सांगितलं. मी म्हटलं, सोनार. माझं वाचन मोठं, त्यामुळे कधी नव्हे तो मी हट्टाला पेटलो. मामांनी मला चक्क आत नेलं. इतक्या वर्षांत मी त्या दाराच्या आत गेलो नव्हतो.

"दादा, हात दाखवतो हं यांना," ते त्या माणसाला म्हणाले. मग मला, "सोनाराच्या हाताला विस्तवाची खूण असते. इथं आहे कुठं? आणि हे बघा."

बसथांब्याच्या बाकावर मिळालेला माणूस. सदरा फाटलेला, पायांना भेगा. पण नखं स्वच्छ कापलेली. फक्त उजव्या अंगठ्याचं नख राखलेलं, आणि त्याची कड एका बाजूला झिजलेली.

"घड्याळाचं मागचं झाकण उचकटायला," मामा म्हणाले. "पोटात अन्न नव्हतं, डोक्यावर छप्पर नव्हतं, पण हत्यार नीट ठेवलं होतं. याला म्हणतात कारागीर."

तिथल्या कामात मृताची नखं कापून टाकायचा प्रघात होता. मामांनी ते एक नख कापलं नाही.

मी खोलीत परत येऊन पेन्सिलीने लिहिलं: 'घड्याळजी. हात जपलेले.' आमच्या नोंदींपैकी हीच तेवढी दोन वाक्यांची होती.

पुढच्या वर्षी वरून तपासणी येणार असं कळलं. अधिकारी कडक आहेत, शाईचा डागही चालत नाही, अशी कुजबूज झाली. मला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दाराला आतून कडी घातली आणि चार वर्षांच्या त्रेचाळीस माणसांचे शेरे रबराने एकेक करून पुसून काढले. पुसून झाल्यावर टेबलावरचा चुरा हाताने गोळा करत होतो, तेवढ्यात मामांनी दार ठोठावलं.

त्यांनी चुरा पाहिला. उघडं रजिस्टर पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हाला पटलं म्हणून लिहिलंत, भीती वाटली म्हणून पुसलंत," ते म्हणाले. "रजिस्टर तुमचं, रबर तुमचं."

तपासणी अधिकारी आले, चहा प्याले, पाईप का गळतो ते विचारलं आणि गेले. ते रजिस्टर त्यांनी उघडलंसुद्धा नाही.

त्यानंतर मामांनी मला कुणाचा धंदा सांगितला नाही. चिठ्ठी टेबलावर ठेवायचे. "सतरा नंबर." "अठरा नंबर." स्टुलावर बसायचे नाहीत. इतकं मुद्देसूद माझ्याशी कुणीच कधी बोललं नसेल, आणि इतकं लागेलसंही.

त्यानंतर दोन वर्षांनी ते पत्र आलं. मी रजिस्टर काढलं. त्या ओळीत शेऱ्याचा कागद खरवडून पातळ झालेला, उजेडात धरला की आरपार दिसणारा. 'हो, पाहिलं होतं,' असं लिहावं, तर पुरावा मीच पुसलेला. मामांना विचारावं, तर तोंड कुठलं? वरिष्ठांची परवानगी लागेल, महिनाअखेर आहे, माझं अक्षर बरं नाही. कारणांना काय तोटा? मग मामा निवृत्त झाले, पाठोपाठ मी. पत्र घरी एका जाड शब्दकोशात राहिलं. शब्दकोश मी रोज उघडत असे, फक्त ते पान सोडून.

या वर्षी मांडीचं हाड मोडलं आणि मी स्वतः सहा दिवस रुग्णालयात पडलो. माणसं वाईट नव्हती. वेळेवर गोळ्या, स्वच्छ चादर. पण मी 'बेड नऊ' होतो. "बेड नऊचं झालं का?" "बेड नऊला उठवू नका." चौथ्या दिवशी मावशींनी हाक मारली, "नऊ नंबर!" आणि मी मुकाट्याने 'ओ' दिली.  मी जिवंत होतो, शुद्धीत होतो, माझं नाव पायथ्याच्या पाटीवर लिहिलेलं होतं, तरी ती हाक एवढी लागली.

काठी घेऊन चालता यायला लागल्यावर पहिला गेलो तो मामांकडे. पत्ता शोधायला चार दिवस लागले. दोन खोल्यांचं घर, जिना अरुंद. दार सुनेने उघडलं आणि आत वळून सांगितलं, "मामंजी, कोणी साहेब आलेत तुमच्याकडे."

"काठी टेकत कोण आलं ते ऐकतोय मी," आतून आवाज आला. "साहेब असते तर दोनदा बेल वाजवली असती. मास्तर आहेत. दारात चपला सरळ रेषेत काढल्यात का बघ."

सुनेने खाली बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

मामांचे पाय सुजलेले होते, नजर गेल्यात जमा. पण दाढी केलेली होती, गुंडी गळ्यापर्यंत. मी हवापाण्याचं काही बोलायला लागलो, तर म्हणाले, "मास्तर, इतका जिना चढून तुम्ही हवा सांगायला आला नाहीत."

मी पत्र वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर तारीख सांगितली. 

"अकरा वर्षं?"

"अकरा."

"अहो, त्या पोरीचे केस पिकले असतील आता! आपला बाप कचऱ्यात गेला असं समजून बसली असेल ती, आणि तुम्ही पत्राला इस्त्री करत बसलात?"

"मी पुसलं होतं ना, मामा. मला वाटलं..."

"तुम्ही कागद पुसलात. माणूस कसा पुसाल? मी धुतलंय त्याला या हातांनी. तुम्ही समोर उभे होतात, डोळ्यांनी बघितलंत. आपण दोघं जिवंत आहोत तोवर हा पुरावाच आहे. पण किती दिवस, ते तुम्ही बघा. माझ्याकडे बघा म्हणजे लवकर समजेल."

सून मधेच म्हणाली, "काय अभद्र बोलता हो!"

"अभद्र नाही गं. मास्तरांना तारीख दिल्याशिवाय काम होत नाही."

मग त्यांनी मला सांगितलं आणि मी लिहून घेतलं. "खोटं काही लिहू नका. शांतपणे गेला, हसरा चेहरा होता, असलं नको. जाताना कोणी जवळ नव्हतं, हे लिहा. पाणी गार होतं, हेही लिहा. मुलीनं खरं मागितलंय, तिला खरंच द्यायचं. आणि नखाचं लिहा. ते विसरलात तर पुन्हा येऊ नका."

"आणि मी पुसलं, ते?"

"ते माझं नाही. ते तुमचं. तुम्ही ठरवा."

पहिला मसुदा मी सवयीने सुरू केला: 'आपले पत्र प्राप्त झाले. विलंबाबद्दल दिलगीर आहोत.' 'आहोत' म्हणजे कोण? लपायला मी अजून एक खातं शोधत होतो. फाडलं. पाच मसुदे फाडले. सहाव्यात लिहिलं:

'ताई, तुमच्या वडिलांकडे माणूस म्हणून पाहिलं गेलं. शवागारातल्या मामांनी त्यांना आंघोळ घातली. हात उचलण्याआधी त्यांना दादा म्हणून सांगितलं. ते गेले तेव्हा जवळ कोणी नव्हतं आणि पाणी गार होतं. हे तुम्हाला कळावं असं मामांना वाटतं. त्यांच्या खिशात काहीही मिळालं नाही, तरी मामांनी नुसते हात पाहून ओळखलं की हे घड्याळजी आहेत. मी सोनार म्हणत होतो, मी चुकलो. नखं कापलेली होती. झाकण उघडायचं अंगठ्याचं नख त्यांनी अखेरपर्यंत राखलं होतं आणि मामांनी ते तसंच ठेवलं. त्या खोलीत उभं राहून मामा त्यांना कारागीर म्हणाले. हे मी रजिस्टरात लिहिलं होतं आणि पुढे घाबरून पुसलं. तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही, त्याचंही कारण तेच. मामा अजून आहेत. त्यांचा पत्ता खाली देतो. ते तुमच्याशी बोलतील. मीही आहे, पण त्यांना आधी भेटा.'

बाई त्याच पत्त्यावर असतील का, मला माहीत नव्हतं. असल्या तरी पाकीट फोडतील का? मी त्यांच्या जागी असतो तर फोडलं असतं की नाही, सांगता येत नाही. हे सगळं पोस्टापर्यंतच्या वाटेवर मनात आलं आणि दोनदा मी काठी टेकून उभा राहिलो. तिसऱ्यांदा थांबलो तो थेट खिडकीपाशी.

आतल्या बाईंनी पाकीट तराजूवर ठेवलं, तिकीट लावलं, शिक्का मारला आणि मान न वळवता मागच्या टोपलीत टाकलं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं की, आजोबा," त्या म्हणाल्या. "आता ते गेलंच समजा."