वापसा नावाची फाईल

मी चुकलेला संगणक बोलतोय. हे विशेषण माझं नाही, माझ्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तसं लिहिलंय. भंगारवाला येईपर्यंत कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या जिन्याखाली माझा मुक्काम आहे.

नवा होतो तेव्हा माझा केवढा मान! एसी माझ्यासाठी, पोरं बाहेर घामानं निथळत असायची. जमिनीत लहरी सोडून आत पुरलेलं शोधणाऱ्या रडारचा अँटेना, हे माझं काम. पत्रा कापून तो खरा बनवण्याआधी माझ्यात आकड्यांनी बनायचा. त्याच्याखाली आकड्यांचीच माती. कुठल्या मातीत किती खोल दिसेल, ते मी आधीच सांगायचो.

वर्षाराणी शिरोळची, माझ्यावर काम करून पीएच.डी. करणारी. तिनं पुस्तकातली माती घेतली नाही. वडिलांना, पिराजींना फोन लावला. "आबा, रान खणायजोगं कधी होतंय?"

"वापसा आला की! पायाला चिकटंना, ढेकूळ हातानं फुटाय लागलं, की समजायचं."

तशी माती तिनं डब्यातून आणली, मोजली आणि फाईलला नाव दिलं 'वापसा'. मी तीन दिवस राबलो आणि खरं तेच सांगितलं. त्या काळ्या, खारवट, ओलसर मातीत हा अँटेना वीतभराच्या खाली आंधळा होता.

तिचे मार्गदर्शक विजयसिंह सर भडकले. "माती वाळवून मोजायची असते, एवढं कळत नाही? आंधळं यंत्र कोण बघायला येणार? कोरडी टाक!"

पीएच.डी.वर सही त्यांचीच लागणार होती. तिनं कोरडी टाकली. कोरड्या मातीत दोन मीटरपर्यंत लख्ख दिसलं. मी तरी काय करणार? जी माती घालाल तिचंच उत्तर देतो.

पत्र्याचा खरा अँटेना तयार झाला आणि प्रात्यक्षिक ठरलं पिराजींच्याच रानात. त्या दिवसाचा व्हिडिओ माझ्यातच साठवला होता, म्हणून सांगतो. शेजारच्या जोतीरामनं कधीकाळी पुरलेली विहिरीवरच्या मोटारीची विजेची केबल बांधाजवळून कुठूनतरी गेली होती. ती टाळून खड्डा घ्यायचा होता. रान वापशावर होतं. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

"इथं केबल नाही," सर म्हणाले.

पिराजी हसले. "माझ्या पोरीनं केलंय म्हटल्यावर इचारायचं काय?"

वर्षाराणीनं तोंड उघडलं आणि मिटलं. पिराजींची पहार खाली गेली, ती थेट केबलवर. त्यांचा उजवा हात भाजला, तीन बोटं काढावी लागली.

पुढं अपघाताचा अहवाल लिहिला गेला. त्यात एक ओळ होती, 'संगणकाच्या चुकीमुळे.' ती माझ्याच कीबोर्डवर टाइप झाली. बोटं वर्षाराणीची होती, दहाच्या दहा.

मला मोडीत काढायच्या दिवशी ती माझ्यातल्या फाईली पुसायला आली. हाताची पट्टी बदलायला कोल्हापुरात आलेले पिराजी सोबत होते. त्यांनी डाव्या हातानं मला थोपटलं. "ह्योच व्हय त्यो? रागावू नगंस गं त्येच्यावर. यंतर हाय. त्येला काय वापसा कळतोय?"

कळत होता, पिराजी. मला कळत होता आणि तुमच्या लेकीलाही. ती मान खाली घालून उभी होती. मला तिचा राग आला, अजून येतो.

तिनं 'वापसा' निवडली. 'नक्की पुसायची?' मी पडद्यावर विचारलं. मला तेवढंच विचारता येतं.

तिनं 'हो' दाबलं.

भंगारवाले पावणं, या. मला फोडा, तांबं काढा, पत्रा वितळवा. फक्त त्याआधी पाठीवरची ती चिठ्ठी तेवढी फाडून टाका.