समुद्रावरचा हात

मी जगाचा नकाशा बोलतोय. साधा कापडी, दोन खिळ्यांवर टांगलेला. सिरोंच्याजवळच्या एका गावातल्या प्रार्थनाघराची भिंत हाच माझा पत्ता. मला फारसं काही वाटत नाही. कापडाला काय वाटणार?

इथली रीत अशी, की प्रत्येक घराला एक परका देश नेमून दिलेला. रविवारी त्या देशावर तळहात ठेवायचा आणि तिथल्या लोकांसाठी देवाकडे मागायचं. सगळी राष्ट्रं एक दिवस देवाकडे वळतील असं भाकीत आहे, म्हणून ही मंडळी कंबर कसून बसलेली. तालुक्याबाहेर पाऊल न टाकलेली दुर्गा ब्राझीलसाठी हमसून हमसून रडते. मला हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं.

सुगंधाबाईंच्या वाट्याला नॉर्वे आला. त्यांचा मुलगा विनोद लहान असताना त्यांच्या कडेवरून मला हात लावायचा. काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, तो डोंग्यात बसून जाळं काढायला गोदावरीत गेला. डोंगा सापडला, विनोद नाही.

त्यानंतरही बाई येत राहिल्या. रडणं नाही, बोलणं नाही. नुसता हात पुढे करायच्या. एका रविवारी तो नॉर्वेवर गेलाच नाही. खाली, आंध्रच्या कडेला, समुद्राच्या निळ्या रंगावर टेकला.

"बाई, तुमचा देश वर हाय," दुर्गा कुजबुजली. "हात पान्यावर ठेवला तुमी."

"गोदावरी इथीच उतरते ना?"

पोचू पास्टर उठून आले. ज्यानं नेमून दिलेला देश सोडला त्याचा देश दुसऱ्या घराला द्यायचा, हा नियम त्यांचाच. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

"पास्टरभाऊ, शेवटच्या दिवशी समुद्र मेलेले वापस देते, असं तुमीच सांगतलं. मले त्याच्यापाशी राहू द्या. बाकी मले काहीच वाटून नाई राह्यलं."

दुर्गाचा एक हात ब्राझीलवर होताच. टाचा उंचावून, अंग ताणून तिनं दुसरा नॉर्वेवर टेकवला. नियमाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता मी विरलोय. बाईंचा हात टेकून टेकून समुद्राचा तेवढा तुकडा पांढरा पडून धागे दिसतात. नवा, चकचकीत प्लास्टिकचा नकाशा आलाय. खुशाल लावा, माझी तक्रार नाही. फक्त मला माळ्यावर टाकू नका, सुगंधाबाईंच्या घरी पोचवा. नॉर्वे दुर्गा सांभाळेल. त्या पाण्यापाशी बसायला मात्र बाईंशिवाय कुणी नाही.