दुलईतली बॅटरी

२०१९ सालच्या ऑक्टोबरात, स्पितीतल्या एका पठारावर सकाळी नऊ वाजता काशिराम गाडीमागे जोडलेल्या राहत्या ट्रेलरच्या टपावर बसून सौरपट्ट्यांवरचा बर्फाचा पापुद्रा फडक्याने झाडत होता. खाली त्याची बायको गुणाबाई शिडी धरून उभी होती. लुगड्यावर तिने नवऱ्याचा स्वेटर चढवला होता आणि त्यावर स्वतःचा.

"आता बघ," तो उतरून म्हणाला. "लखलखीत ऊन हाय."

आत बॅटरीच्या छोट्या स्क्रीनवरचा आकडा हलला नाही. अकरा टक्के. ट्रेलरमधला हीटर डिझेलवर जळायचा, पण त्याचा पंखा बॅटरीवर फिरायचा. बॅटरी संपली की ऊब संपली.

काशिरामचा सारा जन्म पनवेलच्या खाडीकाठच्या मिठागरात गेला होता. ऊन पडलं की मीठ पिकतं, एवढं एकच शास्त्र त्याला ठाऊक. त्याने नवीन पनवेलच्या कल्पेशला फोन लावला; ट्रेलर त्यानेच बांधून दिला होता.

"काका, बॅटरीची पेटी कुठे आहे?"

"भाईर, गाडीला जोडायच्या दांडीवर. मीच सांगितलं व्हतं ना तुला, आत नको म्हनून. उकाड्यानं फुगते."

"अहो, पनवेलला फुगते! तिकडे शून्याखाली गेली की ती चार्जच घेत नाही, ऊन कितीही असू द्या. आज खाली उतरा काका. जिवाशी खेळू नका."

काशिराम पायरीवर बसला. निघताना अख्खं गाव हसलं होतं, मिठागरवाला चालला बर्फात म्हणून. बुटाच्या टोकाने तो बराच वेळ खडी उकरत राहिला.

"चल गुणा. जाऊ घरी."

हे ऐकायला गुणाबाई आठ दिवस टपून होती. मनालीपासून तिने रोज हेच मागितलं होतं. रडून, रुसून, एकदा तर ताट सारून. ती आत गेली आणि पिशवी भरू लागली. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. घडी केलेलं लुगडं हातात घेऊन ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग बाहेर आली.

"अवो, वायरी सोडवा तिच्या."

"कशाला?"

"लेकराला भाईर थंडीत निजवलंत, न् आता म्हंता जेवत नाय."

मिठाच्या पाट्या वाहिलेल्या तिच्या हातांना ते बारा किलोंचं धूड जड गेलं नाही. तिने बॅटरी अंथरुणात ठेवली, दोन्ही दुलया ओढल्या आणि तिला पोटाशी धरून आडवी झाली.

"उभे काय? या तिकडून. दोघांनी धरली तं लवकर तापंल."

काशिरामने बूट काढले.

दुपारी खिडकीतून वायरी आत घेऊन जोडल्या, तेव्हा आकडा बारा झाला.

ते आणखी नऊ दिवस राहिले. कल्पेश आता प्रत्येक ट्रेलरची बॅटरी पलंगाखालीच बसवतो. काशिराम २०२२ साली गेला. तोवर तो गावभर सांगत असे, "मी तं परत फिरलो व्हतो, हिलाच पुढं जायाची हौस." गुणाबाईने ते कधी खोडून काढलं नाही. आता कुणी विचारलं, तर तीही तसंच सांगते.