माझ्या काचांतला खंड्या

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. लढाईतले आणि मोटारसायकलवरचे टोप तुम्ही पाहिले असतील. माझी जात निराळी. माझ्या आत दोन लहान पडदे व दोन काचा आहेत आणि मागून एक जाड केबल संगणकाकडे जाते. मला डोक्यावर चढवले की मनुष्य खोलीत उभा राहूनच रानात पोचतो. ह्या विद्येस व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. आता मी एका कपाटात जुन्या छत्र्यांशेजारी पडून असतो. फार थकलो आहे, तरी माझी हकीकत सांगतो.

जर्मनीतील एर्लांगेन शहरात २००३ साली माझी जुळणी झाली. मला जुळवणारे जयंतराव पाटणकर मूळचे कराडचे, तेथे विद्यापीठात संशोधन करीत. शहराला लागूनच, बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे, एक छोटे राखीव रान होते. तेथील ओढ्याच्या उभ्या काठात बीळ करून खंड्या पक्ष्याची एक जोडी राहत असे. माणसाची चाहूल लागताच ती घरटे सोडी, म्हणून तो काठ लोकांस बंद होता. नगरपालिकेला मात्र लोकांना पक्षी पाहता यावेत म्हणून तेथे लाकडी पूल बांधायचा होता. जयंतरावांनी काठावर कॅमेरे लपवून वसंतभर चित्रण केले व ते मला दिले. लोकांनी खंड्या माझ्यात पाहावा आणि खऱ्या खंड्यास स्वस्थ राहू द्यावे, एवढ्याचसाठी माझा जन्म होता.

नगरपालिकेच्या पाहणीचा दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. जयंतरावांच्या मातोश्री प्रभाबाई तेव्हा मुलाकडे आल्या होत्या. रानातील माहितीकेंद्रात त्यांना बसवून जयंतराव पाहुण्यांची वाट पाहण्यास बाहेर गेले. परतले तो माझ्यावर हळदकुंकू व फूल!

"आई, अगं काय केलंस हे! काचेत कुंकू गेलं."

"आज खंडेनवमी. ज्याच्यावर पोट भरतं त्याची पूजा नको?"

"अगं, मशीन आहे ते!"

"मग? तुझ्या बाबांच्या पाना-पक्कडीला मी कुंकू लावायचे, ते काय देव होते?"

जयंतरावांनी मऊ ब्रशने माझी काच कणाकणाने स्वच्छ केली आणि चित्र नीट दिसते का हे पाहण्यास मला आईच्याच डोक्यावर ठेवले.

"अरे, हा तर आपल्या कृष्णेवरचा खंड्या! चोचीत मासा आहे बघ. जयंता, एवढ्या जवळून ह्याला भीती नाही वाटत रे?"

"तो इथे नाहीये, आई. तो तिकडे काठावर."

"मग बरं. तिकडेच सुखात राहू दे त्याला."

इतक्यात नगरपालिकेच्या अधिकारी लिंडनरबाई आल्या. त्यांनी मला घातले आणि मान वळवून वळवून त्या खंड्यास पाहू लागल्या.

"वुंडरबार, अप्रतिम, पाटणकरसाहेब! इतकं सुंदर काही आपण लोकांपासून लपवून ठेवतो?"

"लपवत नाही. त्यासाठीच तर हा टोप..."

"हो, हो, टोप छानच आहे. पण हे पाहिल्यावर प्रत्यक्ष बघावंसं वाटणारच ना? तेव्हा पूल झालाच पाहिजे."

कोपऱ्यातून प्रभाबाईंनी विचारले, "काय म्हणाली रे ती बाई?"

"तिला आवडलं, आई," जयंतराव म्हणाले, आणि माझी केबल गुंडाळू लागले.

हिवाळ्यात पूल झाला. वसंतात जोडी आली, काठावरून एकदोनदा निळी रेघ ओढल्यासारखी फिरली आणि गेली ती गेलीच. पुलावर उभ्या राहणाऱ्यांस रिकामा काठ दिसे, मग ते माझ्यापुढे रांग लावीत. माझी कीर्ती वाढली, वर्तमानपत्रात छायाचित्र आले. कितीतरी कपाळांचा घाम मी शोषला; माझा स्पंज फाटला, पट्टा सैल झाला. लोक मला शाबासकी देत तेव्हा मला अधिकच शीण येई. पुढे जयंतराव नोकरीनिमित्त झिंडेलफिंगेनला गेले. मग माझा एक पडदा मालवला आणि मी कपाटात आलो.

मित्रांनो, मला कोणी जपावे अशी माझी इच्छा उरलेली नाही. माझ्यातला खंड्या दर खेपेस तोच एक मासा घेऊन आला; त्याची पिल्ले कधी मोठी होऊन उडाली नाहीत. तुमच्या गावच्या ओढ्यावर खरा खंड्या अजून असेल, तर त्याच्या काठाच्या जरा अलीकडेच थांबा.