मनासारखा निकाल

“यंत्राला हात नका लावू हं,” जीवरसायनशास्त्राचे सर हसत म्हणाले. “आमची मुलं बघून बघूनच शिकतात.”

लेकीनं लगेच मान डोलावली. आईनं यंत्रावरच्या न काढलेल्या प्लास्टिककडे पाहिलं. कॉलेज घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

फाटकाबाहेर पडताच लेक म्हणाली, “ठरलं. हेच.”

“आणि ते लांबचं? कालपर्यंत तुझं तेच पालुपद चाललं होतं. पहिल्या वर्षापासून प्रयोग स्वतः करायचे, स्वतःच चुकायचं...”

“छे. तिथलं जेवण मला पचायचं नाही.”

“तुला दगड पचतात, ठमे.”

“आणि तुझं काय? तू चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत बसणार. सांगणार कोण?”

दोघी हसल्या.

आई हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. नवरा गेल्यापासून घरात दोघीच. संध्याकाळी दाराला कुलूप दिसायची वेळ तिच्यावर सहसा येत नसे. आतून कडी काढायला लेक असायची. आज घरी परतताना तिची पावलं हलकी पडत होती. चहा टाकताना ती चक्क गुणगुणू लागली, आणि आपलाच आवाज ऐकून थांबली.

कामावर नव्यानं येणाऱ्यांना ती एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावायची : विचित्र निकाल सगळेच पुन्हा तपासतात, तुम्ही मनासारखा आलेलाही तपासा. डोळा तिथेच फसतो.

तिनं गॅस बारीक केला.

“इकडे बस जरा. समज, माझी बदली झाली असती. मी या गावात नसतेच. मग कुठलं कॉलेज घेतलं असतंस?”

“हे काय आता? आहेस ना तू इथे.”

“नाही असं धर.”

लेक ओट्यावरचा पाण्याचा थेंब बोटानं पसरवत राहिली. चहा उकळून वर आला, तो आईनं उतरवला.

“लांबचं,” लेक म्हणाली.

“मग पहिली पसंती म्हणून तेच टाक.”

“अगं, पण तू एकटी...”

“चष्म्याला दोरी बांधीन.”

“आई, थट्टा नको. तुला चालेल?”

“नाही चालणार,” आई कपात चहा गाळत म्हणाली. “पण शिकायचंय तुला.”

लेकीला वसतिगृहात सोडून ती कामावर रुजू झाली त्या सकाळी प्रयोगशाळेत वर्दळ नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “लागलं का गं तिचं मन?”

“लागतंय म्हणते.”

“आणि तुझं? घर खायला उठत असेल.”

तेवढ्यात वॉर्डातून तातडीचा नमुना आला. एकच. रक्त गरगर फिरवून वेगळं करणाऱ्या यंत्रात एकटी नळी ठेवून चालत नाही. तोल जातो आणि यंत्र थडथडतं. तिनं दुसऱ्या नळीत साधं पाणी घेतलं. दोन्ही नळ्या डोळ्यांसमोर धरल्या, पाणी जरा जास्त वाटलं तेवढं काढलं. मग पाण्याची नळी रक्ताच्या बरोबर समोर ठेवली आणि झाकण लावलं.

यंत्र न थरथरता फिरू लागलं. थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.